बापूंची उधारी अन् माझा लॅपटॉप

"सर, घरात कुणी लहान मुलगा असेल तर त्याच्याकडे फोन देता का?"

हे मला विचारलं. मला, म्हणजे परभणीच्या कृषी विद्यापीठातून बीएस्सी ॲग्री झालेल्या अन् सेलूच्या मोंढ्यात एवढी वर्षं कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्या माणसाला. विचारणारा दुकानाच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअर कंपनीचा सपोर्टवाला, आवाजावरून मिसरूडबी फुटलेलं नसावं. फोन स्पीकरवर होता, दुकान भरलेलं होतं, अन् सगळं गिऱ्हाईक खालच्या मुंडीनं बियाण्याच्या पिशव्यांवरचं वाचायचं नाटक करत होतं.

झालं असं की दुकानातला जुना डेस्कटॉप मरायला टेकलाय. विंडोज सेव्हनचा आहे, त्याचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टनं २०२० च्या जानेवारीतच बंद केला, पण आपल्याकडं बंद पडल्याशिवाय बंद झालं असं कुणी धरत नाही. यंदाच्या मे महिन्यात त्याचा पंखा रिकाम्या पिठाच्या गिरणीसारखा घरघर करायला लागला. जगात जर्मनी अन् भारतात परभणी म्हणतात, पण परभणीचं ऊन जर्मनीत असतं तर त्यांच्या मशिनी कशा चालल्या असत्या तेबी बघितलं असतं. असो. लॅपटॉप आणला. आता जुन्यातला डेटाबेस, म्हणजे हिशेबाच्या सगळ्या नोंदी, नव्यात घ्यायचा, बास एवढंच काम.

सॉफ्टवेअरमध्ये बॅकअपचं बटण आहे, पण ते राखाडी. दाबलं तर दबत नाही. कामून म्हणून त्या सपोर्टवाल्याला विचारलं, तर एएमसी, म्हणजे वर्षाच्या देखभालीचा करार, संपला. म्हणजे हिशेब माझा, नोंदी माझ्या, रात्री अकरापर्यंत बसून भरल्या मी, अन् त्याची कॉपी काढायला वर्षाची वर्गणी यांना द्यायची. मनलं बटण गेलं खड्ड्यात, फाइलच उचलून पेन ड्राइव्हवर टाकू. तर कंप्युटर म्हणतो फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी आहे. सगळे प्रोग्रॅम बंद केले तरी तेच. मग पुण्यात कंपनीत असलेल्या भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, मामा, डेटाबेस सांभाळणारा प्रोग्रॅम, एसक्यूएल सर्व्हर, मागं गुपचूप चालूच असतो, सर्व्हिसेसमध्ये जाऊन तो थांबवा.

याच टायमाला बापू आले.

बापू म्हणजे आमचं जुनं गिऱ्हाईक. तीन एकर सोयाबीन, दीड एकर कापूस, अन् माझ्याकडं गेल्या खरिपाची १८,४०० रुपये उधारी. आले, गारव्याला पंख्याखाली खुर्ची ओढली, अन् दोन स्क्रीन समोरासमोर बघून म्हणाले, "मालक, हे काय करायलात?"

"जुन्यातला हिशेब नव्यात घ्यायलोय बापू."

"सगळा?"

"सगळा."

"आमचा बी?"

"तुमचा बी."

बापूंनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. म्हणजे माणूस आता हलत नाही.

"मंग जुन्यात काय ऱ्हातंय?"

"जुन्यातबी राहतंय अन् नव्यातबी येतंय."

"म्हंजे माझं देणं दोन्हीकडं झालं का काय?"

मी सांगितलं की बापू, सातबाऱ्याची झेरॉक्स काढली म्हणून जमीन डबल होते का? तर बापू म्हणाले, "जमीन होत नसती हो. देणं होतं. सोसायटीत कंप्युटर आला तवा माझं कर्ज दोनदा चढलं होतं, एक उतरवायला तीन चपला झिजल्या." यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, कारण तो किस्सा सगळ्या मोंढ्याला माहीत आहे.

इकडं सर्व्हिस थांबली, फाइल एकदाची सुटली अन् कॉपी सुरू केली. तर पेन ड्राइव्ह म्हणतो, फाइल लई मोठी आहे. ३२ जीबीचा पेन ड्राइव्ह, आत कुत्रं नाही, अन् ९ जीबीचा डेटाबेस बसत नाही. भाचा म्हणाला, तो फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला असेल, त्यात एक फाइल ४ जीबीच्या वर जातच नाही, जागा कितीबी असू दे. मग हे त्या पाकिटावर छापायला काय होतं? ३२ चा आकडा तेवढा बोटाएवढा छापतात.

अन् ९ जीबी कशाचे, तर हिशेबाची फाइल उणीपुरी ७०० एमबी, बाकी सगळा लॉग. कधी काय भरलं, काय खोडलं, काय बदललं याची आतल्या आत ठेवलेली नोंद. त्या लॉगचाबी अधूनमधून बॅकअप घेतला तर आतली जागा मोकळी होते, नाही घेतला तर फुगतच जातो. बॅकअपचं बटण राखाडी, मग तो फुगणार नाही तर काय करणार. बापूंनी हे सगळं कान देऊन ऐकलं अन् निकाल दिला, "म्हंजे मुद्दलापेक्षा व्याज मोठं. खाजगी सावकाराचा दिसतोय."

दुकानात जे हसले ते हसले, पण बापूंचं बारीक लक्ष स्क्रीनवर होतं. काही अडलं की त्यांच्या तोंडावर पाऊस पडल्यासारखी कळा यायची. "नाही जायलं ना? मंग ऱ्हाऊ द्या की. येवढ्या उन्हात कशाला त्याला ताण." वर म्हणतात कसे, "सरकार माफ करंना, ह्यानं तरी करावं."

इथं मात्र मला हसू आलं नाही. २०१७ ला कर्जमाफी झाली, २०१९ ला पुन्हा झाली. बँकेचं धरलं, सोसायटीचं धरलं. दुकानदाराच्या उधारीचं कुणी नावबी काढलं नाही. कंपनीला माल उचलायच्या आधी पैसे मोजायचे अन् शेतकऱ्याकडून सोयाबीन निघाल्यावर यायचे, सोयाबीनला भाव नसला तर पुढच्या सोयाबीनला. वरून अनुदानाच्या खताला पॉस मशीनवर, म्हणजे विक्री नोंदवायच्या यंत्रावर, अंगठा. २६६ रुपये ५० पैशाच्या युरियाच्या गोणीसाठी माणूस चार चार बार अंगठा पुसतो, मातीत काम करून रेषाच राहिल्या नाहीत तर मशीन तरी काय वाचणार. अन् त्या मशीनचा स्टॉक एक, माझ्या सॉफ्टवेअरचा दुसरा, गोदामात तिसराच, अन् तपासणीला आलेला साहेब तिन्ही जुळवा म्हणतो. जाऊ द्या, विषय डेटाबेसचा चाललाय.

शेवटी भाच्यानं एनीडेस्कवरून, म्हणजे पुण्यात बसूनच, माझ्या कंप्युटरात शिरून, सर्व्हिस परत चालू करून, त्या राखाडी बटणाला बाजूला ठेवून सरळ एसक्यूएलमधूनच बॅकअप काढला. सगळा लॉग त्यात येत नाही म्हणे, म्हणून फाइल चारशे एमबीचीच भरली, पेन ड्राइव्हवर निमूट बसली. लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर ठेवली, रिस्टोअर दाबलं, अन् एरर ५, ॲक्सेस डिनाइड. दुकान माझं, लॅपटॉप माझा, फाइल माझी, अन् परवानगी नाही! भाचा म्हणाला, मामा, एसक्यूएल सर्व्हर त्याच्या स्वतःच्या अकाउंटवर चालतो, त्याला तुमच्या डेस्कटॉपवर डोकवायचा हक्क नसतो, फाइल त्याच्याच बॅकअप फोल्डरमध्ये टाका. टाकली. मग मात्र झालं. जुन्यात एसक्यूएलचं २००८ आर टू होतं, नव्यात २०१९, वर चढायला चालतं, पण इथून परत खाली उतरवता येत नाही, असंबी त्यानं जाताजाता सांगितलं. आधी सांगायचं ना बाबा.

सॉफ्टवेअर उघडलं. खातेदारांची यादी आली अन् एकाचंबी नाव नाही. सगळीकडं कंस, टक्क्याच्या खुणा, डोक्यावर टिंबं दिलेली इंग्रजी अक्षरं. बापू उठून उभेच राहिले. "माझं नाव कुठंय?" मी बोट ठेवलं. बापूंनी चष्मा लावला, त्या टक्क्याच्या खुणेकडं डोळे भरून बघितलं अन् सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाले, "हा मी नाही."

युनिकोडच्या आधीचा मराठी फॉन्ट होता, तो लॅपटॉपमध्ये नव्हता, दुसरं काही नाही. जुन्यातून फॉन्टची फाइल आणून टाकली, सॉफ्टवेअर बंद करून चालू केलं, तर बापू वडिलांच्या नावासकट, गावासकट हजर. बाकी १८,४००.

बापू खाली बसले. जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तपशील दाखवा." दाखवला. एक एक ओळ बोटानं खाली आले अन् झिंकच्या पिशवीवर थांबले. "ही मी नेलीच नाही."

"बापू, तुमच्या पोरानं नेली, मोटारसायकलवर."

"कंप्युटर बदलताना कुण्या दुसऱ्याची आली आसंल. जुन्यात बघा, नसंल."

जुना परत चालू केला, घरघर करत दहा मिनिटांनी उठला. पिशवी तिथंबी होती.

"दोन्हीकडं हाय ना?" बापू म्हणाले. "मंग एकीकडची मी देतो, एकीकडची तुम्ही काढून टाका."

झिंकची पिशवी अजून वादात आहे. सॉफ्टवेअरवाल्यांचा मेसेज आला, लायसन्स एकाच मशीनचं असतं, नव्यावर चालू ठेवायचं तर मशीन चेंजचे चार्जेस, वर १८ टक्के जीएसटी. भरले, काय करता, पेरणीच्या तोंडावर दुकान बंद ठेवू का? पण बॅकअपचं बटण राखाडीच आहे. विचारलं तर म्हणाले ते वेगळं असतं सर, त्याला एएमसी लागते.