थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला बोटीच्या इंजिनाच्या मुळावर येतो

बोटमालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून एक सल्ला फिरतो आहे. त्याचा सारांश असा: समुद्राचं पाणी थंड आहे आणि फुकट आहे, तेव्हा स्पीडबोटीच्या इंजिनातला पाण्याचा थर्मोस्टॅट (तापमानानुसार वाट उघडणारी-मिटणारी झडप) काढून टाका, मिळेल तेवढा मोठा ऑइल कूलर (समुद्राच्या पाण्याने तेल थंड करणारं यंत्र) बसवा आणि तेलाच्या लाइनीत थर्मोस्टॅटचा अडथळा ठेवू नका. तेल जितकं थंड तितकं इंजिन टिकतं, परदेशातल्या रेसिंग बोटींतही थर्मोस्टॅट नसतो. यातला शेवटचा दावा अर्धा खरा आहे. बाकीचा सल्ला महागडं इंजिन वेळेआधी खोलायला लावणारा आहे, म्हणून त्याचा एकेक मुद्दा तपासू.

तेल जितकं थंड तितकं चांगलं, हा सगळ्याचा पाया, आणि तोच चुकीचा. १५डब्ल्यू-४० जाडीचं इंजिन तेल १०० अंश सेल्सियसला असतं त्याच्या साधारण तिप्पट जाड ते ६० अंशांना असतं. बेअरिंगमधली फट, ऑइल पंप, पिस्टन रिंग या सगळ्याची आखणी गरम तेल गृहीत धरून केलेली असते. थंड तेलात गेजवर प्रेशर झकास दिसतं आणि तिथेच माणूस फसतो. जाड तेल पुढे सरकत नाही म्हणून तो काटा वर गेलेला असतो. पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे जादा प्रेशर सोडणारी झडप, उघडतो आणि बरंचसं तेल बेअरिंगला न जाता परत सम्पमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळातल्या तेलाच्या टाकीत, पडतं. फिल्टरचा बायपासही (फिल्टर टाळून जाणारी वाट) उघडू शकतो, म्हणजे जे तेल पुढे जातं तेही न गाळलेलं.

याहून वाईट गोष्ट पाण्याची. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. त्यातलं बहुतेक वाफ होऊन एक्झॉस्टमधून जातं, पण थोडी वाफ आणि न जळलेलं थोडं पेट्रोल रिंगांच्या कडेने खाली उतरतं. तेल १०० अंशांच्या आसपास पोचत असेल तर पाणी आणि बरंचसं पेट्रोल उडून ब्रीदरवाटे (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) निघून जातं. ६० वर अडकलं तर ते तिथेच साचतं, तेल पातळ होतं, आम्ल धरतं आणि तेल भरायच्या झाकणाखाली पिवळट साय जमते. गेटवे ते मांडवा स्पीडबोटीचा प्रवास वीसेक मिनिटांचा. पॅरासेलिंगची बोट तर थोडा वेळ जोरात पळते आणि मग बराच वेळ नुसती डुलत उभी राहते. अशा बोटींत तेल तापायला आधीच वेळ अपुरा पडतो, त्यावर हा उपाय म्हणजे रोज थोडं थोडं पाणी तेलात ओतणं.

सम्पमध्ये ९० ते ११० अंश, हे लक्ष्य ठेवा. त्याच्या बरंच वर जाऊ देऊ नका, कारण पुढे दर १० अंशांमागे तेल सडण्याचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो.

म्हणजे कूलर हवाच, यात वाद नाही. गाडी सपाट रस्त्यावर इंजिनाची थोडीशीच ताकद वापरते. बोट मात्र पाण्यावर उचलून पळत असताना सतत कसारा घाट चढत असते, आणि तिला उतार कधीच मिळत नाही. शिवाय मे महिन्यात कोकण किनाऱ्याचं पाणी २९-३० अंशांवर जातं. थंड प्रदेशातल्या तळ्यात, १२ अंशांच्या पाण्यावर चालणाऱ्या बोटीसाठी निवडलेला कूलर इथे कमी पडेल. तेल १०० अंशांवर धरलं तर तिथे तेल-पाण्यातला फरक ८८ अंशांचा, इथे ७१ चा. म्हणजे इथे कूलर सुमारे पंचवीस टक्के मोठा लागतो. पण हा हिशोब मे महिन्यातल्या फुल थ्रॉटलचा आहे. जानेवारीच्या सकाळी, अर्ध्या थ्रॉटलवर, तोच कूलर तेल गारठवून टाकणार. त्या बाकीच्या वेळेसाठीच तेलाचा थर्मोस्टॅट असतो. तो बसवलात तर कूलर थोडा मोठा निवडूनही काही बिघडत नाही.

कूलरची धातू आकारापेक्षा महत्त्वाची आहे, आणि त्या सल्ल्यात तिच्याबद्दल एक अक्षर नाही. खाऱ्या पाण्याला तांबं-निकेलच्या नळ्या हव्यात, नळ्यांऐवजी स्वतः गंजणारा झिंकचा तुकडा हवा आणि तो वेळेवर बदलायला हवा. पाणी फार वेगाने सोडलं तर या नळ्याही आतून झिजतात, फार हळू सोडलं तर खाडीचा गाळ बसतो. कूलरच्या पाण्यावर कॉक लावून हाताने तापमान सांभाळायची युक्ती मला म्हणूनच पटत नाही. आणि तो कॉक उघडायला विसरण्याचा एक दिवस येतोच.

थर्मोस्टॅट तेलाला अडवतो का? तेल थंड असताना तो बहुतेक तेल कूलरला वळसा घालून इंजिनात परत पाठवतो. बऱ्याच प्रकारांत थोडं तेल तेव्हाही कूलरमधून फिरत राहतं, म्हणजे कूलर भरलेला राहतो. ८०-९० अंशांच्या दरम्यान आतलं मेण फुगतं आणि वाट उघडते. खरा अडथळा असतो बारीक होजचा आणि काटकोनी एल्बोंचा. आठ सिलिंडरच्या मोठ्या व्ही-८ इंजिनाच्या होजला १९ मिलिमीटरच्या आसपासचा आतला व्यास ठेवा.

आता पाण्याचा थर्मोस्टॅट. तो काढला तर पाणी इतकं वेगाने पळतं की उष्णता घेतच नाही, असं उलट बाजूचे लोक सांगतात. तेही खरं नाही, प्रवाह वाढला की उष्णता जास्तच निघते. नुकसान वेगळं आहे. सिलिंडरच्या भिंती गार राहतात, पेट्रोल त्यांवर जमून तेलाचा थर धुऊन काढतं आणि रिंगा झिजतात. काही इंजिनांत थर्मोस्टॅट बायपासची वाटही बंद करतो. तिथे तो काढला की पाणी रेडिएटर किंवा हीट एक्स्चेंजर (इंजिनातलं वेगळं गोडं पाणी समुद्राच्या पाण्याने थंड करणारं यंत्र) टाळून फिरतं आणि इंजिन चक्क तापतं. समुद्राचं पाणी थेट ब्लॉकमधून फिरत असेल तर साधारण ६० अंशांचा थर्मोस्टॅट घालतात, कारण त्यापुढे क्षार धरू लागतात. गाडीचा ८२ चा तिथे बसवू नका. हीट एक्स्चेंजर असेल तर ७१ ते ८२ चालतो.

राहिल्या रेसिंग बोटी. त्यांतल्या अनेकांत पाण्याचा थर्मोस्टॅट नसतो, हे खरं. त्याजागी प्रवाह आवळणारी चकती किंवा प्रेशरचा व्हॉल्व्ह असतो, इंजिन जवळजवळ सतत फुल थ्रॉटलवर असतं आणि ते ठरावीक तासांनी खोललंच जातं. मोटर रेसिंगमध्ये, उदाहरणार्थ फॉर्म्युला वनमध्ये, इंजिन चालू करण्याआधी तेल आणि पाणी मुद्दाम तापवतात. तिथे कोणालाच थंड तेल नको असतं.

काहीही बदलण्याआधी तेलाच्या तापमानाचा गेज बसवा, आणि सेन्सर सम्पमध्ये किंवा कूलरकडे जाणाऱ्या लाइनीत ठेवा. कूलरमधून परत येणाऱ्या लाइनीत तो लावलात तर कूलर काय करतो एवढंच कळेल, सम्पमधलं तेल किती तापलं ते कळणार नाही.