‘सही करून मोकळं व्हा’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

तेलविहिरीवरच्या स्फोटात माणूस गमावलेल्या घरांनी १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याखाली भरपाईसाठी काय करावं, या माझ्या लेखावर ‘खाडीपट्टा’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. ती थोडक्यात अशी: “वकिलांची पोटं भरायला लिहिलेला लेख. आमच्या बायामाणसांना कोर्टाची पायरी चढायला लावू नका, मुंबईला खेपा घालण्यात जन्म जातो. आमच्या वाडीतल्या घराला ठेकेदाराने दहा लाखांचा चेक दिला, त्यांनी स्टॅम्पपेपरवर सही केली, विषय मिटला. आणि १९२३ चा कायदा कसला सांगता? तो रद्द झालाय.”

मतभेद जरूर असावेत, पण हेतूवर चिखल कशाला? कामगार भरपाईची प्रकरणं मी १९ वर्षं चालवतो आहे. लेखात माझा फोन नंबर नाही, पत्ता नाही. उलट, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, असं मी त्यात स्पष्ट लिहिलं आहे. पोट भरायला बसलेला माणूस हे लिहील का? तुम्ही तिथपर्यंत वाचलंच नसावं.

एक गोष्ट मान्य. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९२३ च्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, आणि लेखात त्याची एक ओळ हवी होती. पण कुठला कायदा लागायचा हे अपघाताच्या तारखेवर ठरतं; सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये वाल्साला प्रकरणात ते स्पष्ट केलं आहे. त्या दिवसाआधीच्या अपघाताला १९२३ चाच कायदा लागतो. लेख अशाच घरांसाठी होता.

आता तुमचं ते वाक्य: “स्टॅम्पपेपरवर सही केली, विषय मिटला.” मिटला नाही. १९२३ च्या कायद्याचं कलम ८ म्हणतं की मृत्यूची भरपाई मालकाने भरपाई आयुक्तांकडेच, म्हणजे हे दावे ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडेच, जमा करायची. विधवेच्या हातात परस्पर ठेवलेली रक्कम कायदा भरपाई म्हणून धरतच नाही. अपवाद एवढाच की तीन महिन्यांच्या पगाराइतकी उचल देता येते. आणि कलम १७ नुसार भरपाईचा हक्क सोडून देणारा करार रद्दबातल असतो, मग स्टॅम्प शंभरचा असो की पाचशेचा. चेक घेऊ नका असं मी कुठेही म्हटलेलं नाही. चेक घ्या. पण पावतीवर ‘सानुग्रह मदत मिळाली’ एवढंच लिहा. ‘पूर्ण व अंतिम’ हे शब्द दिसले तर सही थांबवा, आणि कोऱ्या कागदावर तर अंगठाही देऊ नका.

दहा लाख ही रक्कम तुम्हाला मोठी वाटते, म्हणून आकडे मांडतो. मृत्यूची भरपाई म्हणजे मासिक पगाराचा निम्मा भाग गुणिले वयाचा गुणक. ३ जानेवारी २०२० पासून हिशेबासाठी पगार जास्तीत जास्त १५,००० धरतात. गेलेला माणूस ३० वर्षांचा असेल तर गुणक २०७.९८, म्हणजे ७,५०० गुणिले २०७.९८, एकूण १५,५९,८५० रुपये. अंत्यविधीचे ५,००० वेगळे. महिन्याभरात रक्कम जमा केली नाही तर १२ टक्के व्याज, म्हणजे वर्षाला १,८७,१८२ रुपये. सबळ कारण नसताना टाळाटाळ केली तर ५० टक्क्यांपर्यंत दंड, आणि तो विमा कंपनी भरत नाही, मालकाच्या खिशातून जातो. ठेकेदार चेक घेऊन दिवसकार्याआधीच दारात का येतो, ते यावरून समजून घ्या.

मुंबईच्या खेपांचंही तसंच. मुंबई हायच्या समुद्रातल्या तेलक्षेत्रावर, उरणला की आसामात, माणूस कुठेही गेला असो, कलम २१ नुसार अर्ज वारस राहतात तिथल्या आयुक्तांकडे करता येतो. गुहागरच्या विधवेने रत्नागिरी जिल्ह्यातच अर्ज करावा. ‘तो आमचा नाही, ठेकेदाराचा’ हे उत्तर कंपनीकडून येणारच. कलम १२ खाली मूळ कंपनीवरही जबाबदारी येते, म्हणून अर्जात दोघांनाही सामनेवाले करा. निकाल लांबतात हे खरं, पण व्याजही चालू राहतं, आणि आयुक्तांचा आदेश झाल्यावर मालकाला अपिलात जायचं तर आधी पूर्ण रक्कम भरावी लागते.

प्रकरणं पडतात ती पुराव्यावर. ठेकेदाराच्या वहीत नावच नसतं, किंवा पगार निम्मा दाखवलेला असतो. म्हणून गेट पास, समुद्रातल्या सुरक्षा प्रशिक्षणाचा दाखला, पीएफचा यूएएन, बँक पासबुकातल्या पगाराच्या नोंदी, पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल एकत्र ठेवा. सामानाबरोबर मोबाइल घरी येतो आणि धाकटा भाऊ तो साफ करून वापरायला घेतो. तसं करू देऊ नका, ड्युटीचे मेसेज आणि हजेरीचे फोटो त्यातच असतात. पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापत असतील तर हा रस्ता बंद. मग महामंडळाकडून आश्रितांना दरमहा रक्कम मिळते.

पगार साठ-सत्तर हजार होता आणि कंपनीचा निष्काळजीपणा दाखवता येतोय, तर १८५५ च्या प्राणघातक अपघात कायद्याखाली दिवाणी दाव्याचा विचार करा. तिथे १५,००० ची मर्यादा नाही. पण दोन्ही दारं ठोठावता येत नाहीत, १९२३ च्या कायद्याचं कलम ३(५) आड येतं, म्हणून पहिला कागद दाखल करण्याआधीच ठरवा. दाव्याची मुदत मृत्यूपासून दोन वर्षं. प्रतिक्रियेतल्या बाकी शेऱ्यांना उत्तर देत बसत नाही.

तुमच्या वाडीतल्या त्या घरातला माणूस कोणत्या तारखेला गेला, तेवढं कळवा. दोन वर्षं व्हायची असतील तर आयुक्तांकडे अर्ज आजही करता येतो. होऊन गेली असली तरी उशिराचं पुरेसं कारण दिलं तर आयुक्त तो दाखल करून घेऊ शकतात, आणि ‘सही केल्यावर सगळं संपतं असं ठेकेदाराने सांगितलं होतं’ हे कारण मांडता येतं. त्या स्टॅम्पपेपरची झेरॉक्स घरात आहे का, तेही विचारा.