दख्खनचा दगड हलत नाही म्हणे!

परवा रात्री साडेअकराला ताईचा मेसेज आला. "हे खरं का रे?" आणि खाली तो फॉरवर्ड. मथळा: "खंड सरकतात? शाळेत शिकवलेलं सगळ्यात मोठं खोटं!" मधेमधे लाल त्रिकोण, शेवटी "दहा जणांना पाठवा". हा मजकूर याआधी तीनदा तरी माझ्याकडे येऊन गेलाय आणि तिन्ही वेळा मी तो मुकाट पुसलाय. या वेळी पुसता येईना. ताईने घर बांधायला काढलंय, औसा तालुक्यात, किल्लारीपासून फार लांब नाही. आणि दाजींनी हे वाचून मिस्त्रीला सांगितलंय की भूकंपात भिंती बांधून ठेवणारा लिंटेलचा पट्टा राहू दे, तेवढंच लोखंड वाचेल.

म्हणून मेसेजातला शेवटचा मुद्दा आधी घेतो. तो असा: "दख्खनचं पठार हा एकसंध काळा दगड आहे, तो कधी जागचा हललेला नाही. भूकंप हिमालयात होतात. कोयना आणि किल्लारी धरणांच्या पाण्याने झाले आणि तो ताण आता निघून गेला. भूकंपरोधक बांधकाम हा सिमेंट-लोखंडवाल्यांचा धंदा आहे."

एकसंध? किल्लारीला भूकंपानंतर खोल बोअर घेतलं, तेव्हा बेसॉल्ट, म्हणजे हा काळा दगड, ३३८ मीटरवर संपला. तो बेसॉल्टही एक दगड नव्हे. लाव्ह्याचे थर एकावर एक, गोधड्यांची चळत रचावी तसे. त्याखाली कितीतरी जुना, वेगळाच खडक आणि त्यात जुन्या भेगा. वरून शिवार सपाट दिसतं म्हणून खाली सगळं आलबेल आहे, हे कुणी ठरवलं?

आणि हिमालय. भारताची प्लेट, म्हणजे आपण ज्यावर बसलोय तो पृथ्वीच्या कवचाचा तुकडा, उत्तरेकडे सरकते आणि आशियाला जाऊन भिडते. मोठे भूकंप बहुतेक तिथेच, प्लेटच्या कडेला होतात, हे मेसेजवाल्याचं म्हणणं बरोबर आहे. पण गच्च भरलेल्या एसटीत पुढचा माणूस दांड्याला अडला की मागच्यांच्याही बरगड्या दाबल्या जातात. तो दाब प्लेटच्या पोटात, आपल्या पायाखालीही असतो आणि जुनी भेग सापडेल तिथे सुटतो. धक्के इथे कमी आणि क्वचित येतात, एवढंच.

कोयनेबद्दल अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करून टाकतो. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटेचा तो भूकंप धरणाच्या पाण्याशी जोडला जातो आणि जगभरच्या अभ्यासकांत अशा भूकंपांचं उदाहरण म्हणून कोयनेचंच नाव निघतं. पण पाणी हे निमित्त. भेगेत पाणी मुरलं, ती आधीच ताणात होती म्हणून सुटली. न ताणलेलं रबर कात्रीने कापलं तर फटकन उडत नाही. आणि खंड सरकतच नसतील तर हा ताण आणला कुणी? मेसेजवाल्याने एका ओळीत ताण मान्य केला आणि दुसऱ्या ओळीत ताण देणाराच नाकारला.

"ताण निघून गेला" हे तर सगळ्यात धोक्याचं. दाजी, एका भेगेतला ताण सुटला म्हणून शेजारच्या भेगेतला सुटतो का? १९९३च्या आधी किल्लारी कुठल्या भूकंपक्षेत्रात होतं माहीत आहे? तेव्हाच्या नकाशात पहिल्या, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याच्या. ३० सप्टेंबरची पहाट, आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जन उरकून माणसं झोपलेली. चारच्या सुमारास ६.२चा धक्का. लातूर आणि उस्मानाबाद मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. जपानात एवढ्या धक्क्याने क्वचितच इतकी माणसं मरतात. आपल्याकडे दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती होत्या, दोन्ही अंगांना मोठे दगड, मधे चिपा आणि माती, वर मातीचं जड माळवद. दोन्ही अंगं सुटली, भिंत पोटातून फाटली, माळवद खाली आलं. २००२ साली नकाशा बदलला, तेव्हा तो पहिला झोनच काढून टाकला आणि लातूरचा भाग तिसऱ्यात गेला. "इथे भूकंप होत नाही" हे तेव्हा सरकारी नकाशाही म्हणत होता.

आता तो न हललेला दगड. गंमत अशी की खंड सरकतात याचा एक भक्कम पुरावा याच काळ्या दगडातून निघालाय. लाव्हा थंड होताना त्यातल्या लोहयुक्त कणांत त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकाची दिशा आणि तिचा कल कायमचा बसतो. मोकळी टांगलेली चुंबकसूची विषुववृत्तावर आडवी राहते, ध्रुवाकडे जावं तसतशी कलत जाते. म्हणजे दगडातला कल मोजला की तो थिजला तेव्हा कुठल्या अक्षांशावर होता ते कळतं. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी दख्खनच्या बेसॉल्टवर हे करून १९५६ साली निष्कर्ष छापले. कल महाराष्ट्राच्या आजच्या अक्षांशाशी जुळेना. हा दगड विषुववृत्ताच्या पुष्कळ दक्षिणेला थिजला होता. पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव अधूनमधून उलटतात, हो, पण उलटल्याने सुईचं टोक बदलतं, कलाचा कोन वाढत नाही. पुढच्या मोजण्यांनीही तेच सांगितलं: साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा वाहिला तेव्हा आपण आजच्या रियुनियन बेटाच्या आसपासच्या अक्षांशांवर होतो. अजिंठ्याची लेणी कोरली तो दगड, किल्ल्यांचे बुरूज रचले तो दगड, ताईच्या घराच्या पायात भरलेला दगड, सगळा दक्षिण गोलार्धातून आलेला.

अजून एक, कारण हा मला स्वतःला फार आवडतो. चंद्रपूरजवळ इरई इथे पैनगंगेच्या काठी चुनखडीचा खडक घासून गुळगुळीत झालेला आणि त्यावर समांतर ओरखडे उठलेले सापडले. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या फेडन यांनी १८७५ साली त्यावर लिहिलं. असे ओरखडे बर्फ दगडगोटे ओढत नेतो तेव्हा उठतात. चंद्रपूरला बर्फ! जिथे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो तिथे. त्याच काळातल्या हिमनद्यांच्या खुणा दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिकेत आहेत. त्यावरच्या कोळशात ग्लोसॉप्टेरिस या नामशेष झाडाची तीच पानं, इथेही आणि तिथेही. दक्षिण ध्रुवावरून परतताना १९१२ साली अंटार्क्टिकातच जीव गेलेल्या स्कॉट या ब्रिटिश शोधकाच्या तुकडीने शेवटपर्यंत ओढत आणलेल्या दगडांत हीच पानं निघाली. ज्या जुन्या खंडात हे सगळं एकत्र होतं त्याचं नाव गोंडवन, आपल्या गोंडांच्या मुलखावरून पडलेलं. मेसेजवाला म्हणतो, खंडांचे किनारे जुळतात तो योगायोग. किनाऱ्यांचं राहू दे, पानं कशी जुळली?

खंड सरकतात असं म्हणणारा जर्मन वेगनर "हवामानखात्यातला माणूस" होता, भूगर्भवाल्यांनी त्याला उडवून लावलं, असा मेसेजात एक टोमणा आहे. होता हवामानशास्त्रज्ञ. १९१२ साली कल्पना मांडली आणि खंड कशाच्या जोरावर सरकतात हे त्याला नीट सांगता आलं नाही, जे सांगितलं ते चुकलं. म्हणून लोक हसले, आणि त्यांचंही अगदीच चुकलं असं नाही. १९३०मध्ये तो ग्रीनलंडच्या बर्फात वारला. १९६३ साली व्हाइन आणि मॅथ्यूज या भूशास्त्रज्ञांनी समुद्रतळावरच्या चुंबकीय पट्ट्यांचा अर्थ लावला, तळ मधून फाटून दोन्हीकडे सरकतो असा. त्यांनी वापरलेली एक मोजणी कार्ल्सबर्ग कटक या समुद्राखालच्या डोंगररांगेवरची होती, म्हणजे आपल्याच अरबी समुद्रापलीकडची. मेसेजची गाडी १९३०लाच थांबलीय.

"पृथ्वी फुगते म्हणून खंड लांब गेल्यासारखे वाटतात" यावर वेळ घालवत नाही. उपग्रहांनी त्रिज्या मोजलीय, फुगत नाही. "सरकताना कुणी पाहिलंय?" तर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतलं जीपीएस स्थानक नव्वदच्या दशकापासून नोंद ठेवतंय. ते वर्षाला पाचेक सेंटीमीटर ईशान्येकडे जातंय, इमारतीसकट.

ताई, आता कामाचं. पट्टा म्हणजे दारा-खिडकीवर टाकतात तो तुकडा नव्हे. सगळ्या भिंतींवरून, कोपऱ्यांतूनही न तुटता फिरलेला काँक्रीटचा पट्टा, आत सळ्या. घराच्या कमरेला करगोटा म्हण. कोपऱ्यात सळ्या वळवून एकमेकींत गुंतवायच्या, नुसत्या टेकवून ठेवायच्या नाहीत. तू पाठवलेल्या फोटोत भिंती चौकटीच्या डोक्याला आल्यात, म्हणजे याच आठवड्यात टाकावा लागेल. वर एक थर चढला की मग राहिला. दाजी फोन उचलत नाहीयेत, मिस्त्रीचा नंबर पाठव.