मौवेची मेंढरं आणि आपला माळ

अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आंतोन मौवे या डच चित्रकाराचं १८८७ सालचं ‘लारेनजवळचं माळरान’ हे चित्र आहे. बुटक्या हीदर झुडपांचा माळ, मेंढपाळ आणि मातीच्याच रंगात मिसळून गेलेला कळप. व्हॅन गॉगला रंगकामाचे धडे देणारा तो हाच मौवे. चित्र फार शांत आहे, पण ते रंगवलं तेव्हाच इथली, म्हणजे नेदरलँड्समधली, मेंढपाळी मोडत चालली होती.

रेताड जमिनीला मेंढरं हवी असायची ती खतासाठी. दिवसभर माळावर चारायची, रात्री गोठ्यात कोंडायची, खाली माळाची ढेकळं अंथरायची आणि लेंड्या-मुतानं भिजलेलं ते सगळं शेतात घालायचं. रासायनिक खत आलं, कळप गेले आणि मागोमाग माळही जायला लागला. चराई थांबली की बर्च-पाइनची रोपं उठतात आणि हीदर त्यांच्या सावलीत मरतं. म्हणून आज इथल्या निसर्गसंस्था पैसे मोजून मेंढपाळ ठेवतात.

मी लारेनच्या शेजारीच, हिल्व्हरसमला राहतो. इथल्या माळावर कळप दिसला की मला फलटणकडचे धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढरांसह फिरणारे तांडे, आठवतात आणि राग येतो. दिवाळी झाली की घोड्यांवर बिऱ्हाड लादून आपले धनगर कोकणात उतरतात. संध्याकाळी कापणी झालेल्या शेतात वाघर (जाळीचं कुंपण) लावून मेंढ्या बसवतात, शेतकरी त्या लेंडीखताबद्दल धान्य नाहीतर पैसे देतो. मौवेच्या काळातला तो व्यवहार आपल्याकडे अजून जिवंत आहे. आणि आपण त्यांना माळावरून हुसकावतोय.

सरकारी नकाशात माळरान म्हणजे पडीक जमीन. २०१९ साली राज्यानं ३३ कोटी झाडांचा संकल्प सोडला, तेव्हा आम्ही परदेशस्थांनीही हौसेनं टाळ्या वाजवल्या. गवताळ माळावर खड्डे खणून गिरिपुष्प लावलं की कुसळी-पवन्याचं गवत जातं, लांडगा-माळढोकांची जागा जाते, आणि रोपं जगावीत म्हणून चराईबंदीचा बोर्ड लागतो. मेंढरं आत शिरली की दंड. महामेष योजनेतून मेंढ्या देणारं सरकारही हेच आणि त्यांना चरायला जागा न ठेवणारंही हेच.

हॉलंडची आरती ओवाळायचं मात्र कारण नाही. इथला कळप निसर्ग राखण्यापुरता उरलाय, त्यावर पिढ्यान्‌पिढ्या जगणारा समाज मागे नाही. शिवाय दुभत्या जनावरांच्या दाट गोठ्यांतून उडणारा अमोनिया खतासारखा माळावर बसतो, गवत माजतं आणि हीदर दबतं. ते एकट्या मेंढरांना आवरत नाही. गमावल्यावर शहाणपण आलं, तेही अर्धंच.

आपल्याकडे अजून कळप आहेत, वाटा आहेत, कुठलं गवत कधी चारावं हे जाणणारी माणसं आहेत. वनखात्यानं त्यांच्याबरोबर बसून ठरवावं : पावसाच्या तोंडाशी गवत उगवताना कुठला माळ बंद, बी झडल्यावर कुठला खुला. आणि त्या माळांवरची झाडं लावायची उद्दिष्टं आधी रद्द करावीत.