६६ अवस्था आणि एक आकडा

गेल्या महिन्यात बेळगावहून भाचीचा फोन आला. प्राणिशास्त्रात पीएच.डी. झालेली, कोंबडीच्या अंड्यातल्या पिल्लाचा पाय कसा घडतो यावर सहा वर्षं राबलेली मुलगी. एका कॉलेजात सहायक प्राध्यापकाच्या जागेसाठी मुलाखतीला गेली होती. पहिलाच प्रश्न आला, ‘एच-इंडेक्स किती?’ म्हणजे तिच्या पेपरांना इतरांनी किती संदर्भ दिले, यावरून निघणारा आकडा. ती म्हणाली, तीन. तिच्या कामाबद्दल पुढे कुणी काही विचारलंच नाही. ‘मामा, पेपर उघडूनसुद्धा बघितले नाहीत की!’ एवढं बोलून ती गप्प झाली.

त्याच आठवड्यात आमच्या खानापूरकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अभिनंदनाचा एक फलक फिरत होता. ‘जगातील अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञांत’ आपल्या भागातल्या एका प्राध्यापकांचं नाव आलं होतं. खाली वाद पेटला. एक बाजू म्हणे, हाच खरा मान. दुसरी म्हणे, हल्ली पैसे भरून पेपर छापतात आणि एकमेकांचे संदर्भ देऊन आकडा फुगवतात.

मी नेदरलँड्समध्ये उट्रेख्तला बेडकाच्या भ्रूणांवर काम करतो, त्यामुळे या वादात मला गप्प बसवत नाही. एच-इंडेक्स २००५ साली होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवला. तुमच्या तीन पेपरांना प्रत्येकी किमान तीन संदर्भ मिळाले की इंडेक्स तीन. ती दोन टक्क्यांची यादी स्टॅनफर्डचे जॉन आयोनिडिस आणि त्यांचे सहकारी काढतात. त्यात विज्ञानाचे २२ विभाग आणि १७४ उपविभाग केलेले असतात आणि स्वतःच स्वतःचे दिलेले संदर्भ वगळून वेगळा हिशेबही मांडलेला असतो. म्हणजे यादी करणाऱ्यांनाच ठाऊक आहे की विषयाविषयात फरक असतो. आपल्याकडे मात्र फलकावर यातलं काहीच उतरत नाही, उरतो तो फक्त फोटो.

भ्रूणाच्या कामाला वेळ लागतो, तो कुणाला टाळता येत नाही. अंड्यातून पिल्लू यायला २१ दिवस म्हणजे २१ दिवसच. माझ्या टेबलावर बेडकाचं अंडं फलनानंतर साधारण नऊ तासांनी दहाव्या अवस्थेला येतं. गोल, फिकट खालच्या भागावर एक बारीक काळसर रेघ उमटते. इथूनच पेशी आत वळायला लागतात. ती रेघ दिसेपर्यंत सूक्ष्मदर्शकापासून हलता येत नाही, आणि ती चुकली तर तो दिवस गेला.

‘दहावी अवस्था’ हे नावही याच गावात ठरलं. पीटर न्यूकूप आणि योब फाबर यांनी इथल्या हुब्रेख्त प्रयोगशाळेत झेनोपस बेडकाच्या वाढीचा तक्ता केला, फलित अंड्यापासून छोट्या बेडकापर्यंत ६६ अवस्था. तो छापला गेला १९५६ साली. त्याच वर्षी आमचा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, म्हणून ते साल मी कधी विसरत नाही. आज झेनोपसवर काम करणारा कुणीही या अवस्थांचे आकडे वापरतो, आणि कित्येकदा मूळ तक्त्याचा संदर्भही देत नाही, इतका तो रोजच्या बोलण्यात मुरला आहे. सायटेशन म्हणजे संदर्भ मोजणाऱ्या यंत्राला अशी उसनवारी दिसत नाही.

उट्रेख्त विद्यापीठाने २०२१ साली जाहीर केलं, भरती आणि बढतीत इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे पेपर छापणाऱ्या नियतकालिकाला सरासरी किती संदर्भ मिळतात तो आकडा, बघणार नाही. मला फार बरं वाटलं. पण नेदरलँड्समधल्याच काही प्राध्यापकांनी उघड पत्र लिहून विरोध केला: मोजमाप काढलं की मनमानी येईल, तरुणांचं नुकसान होईल. ते पत्र वाचताना मला माझं गाव आठवलं. मी खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेतला. धारवाडला गेलो तर मी मराठी, कोल्हापूरला गेलो तर कर्नाटकातला. दोन्हीकडे ओळखपाळख नाही, वशिला नाही. अशा मुलाच्या हातात आकडा असला तर तो दाखवता येतो, त्याला ना जात विचारता येते ना जिल्हा. म्हणून उट्रेख्तचा नियम जसाच्या तसा बेळगावला न्यावा असं मी म्हणणार नाही. सीमाभागातल्या पोरांना त्याने आणखी उघडं पाडलं जाईल.

माझा राग आकड्यावर नाही, न वाचण्यावर आहे. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत स्पष्ट लिहिलंय की सहायक प्राध्यापकाच्या जागेसाठी गुण फक्त मुलाखतीला बोलावण्यापुरते, निवड मुलाखतीवरच व्हायची. मग मुलाखतीत पुन्हा आकडाच विचारायचा असेल, तर मुलीला प्रवास करून बोलावलं कशाला? समितीत भ्रूणशास्त्र कळणारा एक माणूस हवा. त्याने आदल्या रात्री तिचा एक पेपर वाचावा आणि सकाळी तिला विचारावं, हा पाय इथेच का उगवला? कोंबडीच्या भ्रूणावर काम करणाऱ्या तिच्या वयाच्या मुलांचे आकडे शेजारी ठेवून मग तीनचा अर्थ लावावा. याला फार पैसा लागत नाही, एक संध्याकाळ लागते.

पुढच्या महिन्यात तिची दुसरी मुलाखत आहे, कोल्हापूरकडे. या वेळी ती पायाच्या अंकुराचे फोटो मोठे छापून नेणार आहे. काल व्हिडिओ कॉलवर तिने ते एकेक करून कॅमेऱ्यासमोर धरले. प्रत्येकाखाली पेनाने हॅम्बर्गर-हॅमिल्टनच्या, म्हणजे कोंबडीच्या भ्रूणाच्या तक्त्यातली अवस्था लिहिलेली: १८, २०, २४. विसाव्या अवस्थेच्या फोटोत अंकुराची कड थोडी अस्पष्ट होती. ‘तो फोटो बदल,’ मी म्हटलं.