गोल जिना, उकळते तेल आणि फुकटची वेठ: वेल्सचे किल्ले खरे कसे उभे राहिले

युरोपातल्या मध्ययुगीन किल्ल्यांबद्दल एक मजकूर सतत फिरत असतो. त्याचा सारांश असा: आत हजारोंची फौज असे, गोल जिने घड्याळाच्या काट्यांप्रमाणे वर चढत, म्हणजे उजव्या हाताने तलवार चालवणारा हल्लेखोर अडून पडावा, दरवाजावरच्या भोकांतून उकळते तेल ओतत, आणि बांधकाम गुलामांना फुकट राबवून पिढ्यान्‌पिढ्या चाले. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने 1283 पासून उत्तर वेल्समध्ये बांधलेल्या कर्नार्वन, कॉनवी, हार्लेख, ब्युमॅरिस या किल्ल्यांचे हिशेब आजही शिल्लक आहेत. त्यांच्यापुढे हा मजकूर टिकत नाही.

जिन्याचा मुद्दा सर्वांत पटण्यासारखा वाटतो, म्हणून आधी तो घेऊ. ही कल्पना मध्ययुगातल्या कागदपत्रांतून आलेली नाही. 1902 च्या सुमारास तलवारबाजीचा शौक असलेल्या एका इंग्रज लेखकाने ती मांडली. इंग्लंड-वेल्सच्या किल्ल्यांत उलट्या दिशेने चढणारे जिने डझनांनी आहेत, खुद्द कर्नार्वनमध्येही. अशा जिन्याची प्रत्येक पायरी म्हणजे एकच दगड. त्याचे एक टोक गोल घडवलेले असते, ते खालच्या पायरीच्या गोलावर बसते आणि मधला खांब आपोआप वर चढत जातो. रुंद टोक भिंतीत रुतवतात. पाथरवटाला डावी-उजवी दोन्ही दिशा सारख्याच. दार कुठे उघडायचे, उजेडाची फट कुठे ठेवायची, यावर बरेच काही ठरे. शिवाय शत्रू जिन्यापर्यंत पोचला म्हणजे तट, खंदक आणि दरवाजा आधीच हातचे गेलेले असतात. कॉनवीचा किल्ला 1401 मध्ये पडला तो गुड फ्रायडेला, शिबंदी प्रार्थनेला गेलेली असताना, सुतार म्हणून आत शिरलेल्या माणसांमुळे.

तेल महाग, आणि वेढ्यात ते खायला व दिव्याला लागते. दरवाजावरच्या भोकांतून दगड टाकत, आणि लाकडी फळ्यांना कोणी आग लावली तर पाणी ओतत.

हजारोंची फौज? हार्लेखची शिबंदी 36 माणसांची होती: 30 लढवय्ये, त्यांतले 10 आडव्या धनुष्याचे तिरंदाज, शिवाय पाद्री, लोहार, सुतार, गवंडी वगैरे. 1294-95 मध्ये मॅडॉग या वेल्श सरदाराने केलेल्या बंडात एवढ्याच मोजक्या लोकांनी किल्ला राखला, कारण समुद्राच्या बाजूने आयर्लंडहून रसद पोचत राहिली. त्याच बंडात कर्नार्वन पडला. तिथे शहराकडची बाजू अजून बांधून व्हायची होती. भिस्त शहराच्या तटावर होती आणि तो तट बंडखोरांनी फोडला. किल्ल्याचे खरे काम हेच: थोड्या माणसांत मुलूख धरून ठेवणे. कर्नार्वन तर उत्तर वेल्सच्या कारभाराचे ठाणेच होते.

आता वेठ आणि पिढ्या. मजुरांना वेगवेगळ्या परगण्यांतून सक्तीने आणले जाई, हे खरे. पण मजुरी द्यावी लागे, आणि काम अडत असे ते तिथेच. 27 फेब्रुवारी 1296 ला ब्युमॅरिसचा मुख्य कारागीर, सेंट जॉर्जचा जेम्स, याच्या बाजूने राजाच्या खजिन्याला पत्र गेले. त्यात मागणी आहे आठवड्याला 250 पौंडांची, आणि एवढा पैसा जातो कुठे याचा हिशेबही: 400 पाथरवट-गवंडी, 2,000 साधे मजूर, खाणीत 200 माणसे, 30 लोहार, शिवाय सुतार, दगड आणि कोळसा वाहायला 100 छोट्या गाड्या, 60 मोठ्या गाड्या आणि 30 होड्या. मजुरी थकली आहे, लोकांना पोटाला काही नाही, त्यांना टिकवून धरणे कठीण झाले आहे, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. एप्रिल 1295 मध्ये सुरू झालेल्या या कामात तोवर भिंत कुठे 28 फूट, तर सर्वांत कमी तिथेही 20 फूट चढली होती. दहा महिन्यांत एवढी उंची!

याहून घाई करता येत नसे ती चुन्यामुळे. दोन बाजूंना घडीव दगड आणि मधे चुन्यात बसवलेला दगडगोट्यांचा भराव, अशी ही भिंत असते. आतला चुना हवा लागेल तसा हळूहळू घट्ट होतो. एका दमात फार उंची चढवली तर ओल्या भरावावर भार येऊन भिंत फुगते. थंडीत ताज्या चुन्यातले पाणी गोठून फुगते आणि चुना भुसभुशीत होतो, म्हणून काम साधारण एप्रिल ते नोव्हेंबर चाले आणि हिवाळ्यात भिंतीचा माथा पेंढा-शेणाने झाकून ठेवत. हार्लेखच्या बुरुजांवर परांचीच्या वाशांची भोके तिरकी चढत गेलेली आजही दिसतात: बुरुजाभोवती उताराची वाट करून दगड वर नेल्याची ती खूण आहे.

कॉनवीचे मुख्य काम 1283 ते 1287 या चार-पाच वर्षांत उरकले. ब्युमॅरिस मात्र रेंगाळला, कारण पैसा स्कॉटलंडच्या लढाईकडे वळला. 1330 पर्यंत काम अधूनमधून होत राहिले आणि मग थांबले. त्याच्या आतल्या बुरुजांना पूर्ण उंची कधीच मिळाली नाही. ते आजही तसेच बुटके उभे आहेत.