चार माणसांचं घर पंधरा दिवसांत 3300 जीबी संपवत नाही

सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मजकूर फिरतो आहे. फायबरच्या ‘अनलिमिटेड’ प्लॅनला महिना 3300 जीबीची मर्यादा असते, चौघांच्या घरात ती पंधरा दिवसांत संपते. तेव्हा मुलांचे ऑनलाइन वर्ग आणि गेम आवरा, रात्री राउटर बंद ठेवा, नाहीतर जास्त वेगाचा प्लॅन घ्या. यातली मर्यादा तेवढी खरी आहे.

पंधरा दिवसांत संपवायचे तर रोज 220 जीबी लागतील. नेटफ्लिक्सच्याच आकड्यांनुसार एचडीला तासाला 3 जीबीपर्यंत आणि फोर-केला 7 जीबीपर्यंत डेटा लागतो. घरातल्या चौघांनी वेगवेगळ्या स्क्रीनवर रोज चार-चार तास एचडी पाहिलं तरी दिवसाचे 48 जीबी, महिन्याचे 1440. निम्मेही झाले नाहीत. 100 एमबीपीएसची लाइन अखंड पूर्ण वेगाने चालली, तर 3300 जीबी साधारण 73 तासांत संपतात, हे खरं. पण तशी लाइन कुठलं घर चालवतं? एचडी सिनेमाला सहा-सात एमबीपीएस पुरतात.

मुलांवर घेतलेला आळ मला सर्वांत जास्त खटकतो. व्हिडिओवरच्या वर्गाला तासाला अडीच जीबी धरले, रोज तीन तास आणि महिन्याचे पंचवीस दिवस धरले, तरी दोनशे जीबीसुद्धा होत नाहीत. गेम खेळताना तर तासाला शे-दीडशे एमबीच्या आसपास जातात. मोठा गेम उतरवून घेताना मात्र एका दमात शंभर जीबी जाऊ शकतात. एवढ्यासाठी कुणाचा अभ्यास बंद करू नका.

रात्री राउटर बंद केल्याने फोटोंचा बॅकअप आणि अपडेट सकाळी होतात, वाचत काहीच नाही. अपवाद सीसीटीव्हीचा. क्लाउडवर सतत 2 एमबीपीएसने चित्र पाठवणारा एक कॅमेरा महिन्याला जवळपास 650 जीबी घेतो, असे चार असले की 2600. मर्यादा गाठणाऱ्या घरात आधी हेच तपासावं. रेकॉर्डिंग कॅमेऱ्यातल्या मेमरी कार्डावर घेतलं, किंवा हालचाल झाली तरच चित्र जाईल असं ठेवलं, की प्रश्न मिटतो.

आणि जास्त वेगाचा प्लॅन? अनेक कंपन्यांच्या 100 आणि 300 एमबीपीएसच्या प्लॅनना मर्यादा तीच, 3300 जीबी. पैसे वाढतात, डेटा नाही. ज्यांच्या प्लॅनला काही शे जीबीचीच मर्यादा आहे, त्यांनी मात्र वरचा हिशेब आपल्या आकड्यावर करून पाहावा.

मर्यादा संपली की कंपन्या वेग कमी करतात. भांडायचंच असेल तर मर्यादेनंतरच्या या वेगासाठी भांडू या. तो 512 केबीपीएसच्या (सुमारे अर्ध्या एमबीपीएसच्या) खाली नेऊ नये, असं ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने 2016 मध्ये बजावलं. 2023 पासून ब्रॉडबँडची व्याख्याच किमान 2 एमबीपीएस झाली आहे. मर्यादा ओलांडलेल्या ग्राहकालाही निदान तेवढा वेग मिळायला हवा.